घरातलं नेट कोण खातंय?

रात्रीचे साडेआठ-नऊ वाजलेले असतात. टीव्हीवरचा सिनेमा मध्येच थांबून चाक गरगरू लागतं, आतल्या खोलीत कुणाचा तरी ऑफिसचा व्हिडिओ कॉल अडखळतो आणि घरात एकच ओरड होते, ‘नेट स्लो झालंय!’ संशयाची सुई ठरलेल्या जागी वळते. गेम खेळणारा मुलगा पहिला आरोपी, रील्स बघत बसलेलं माणूस दुसरं. कुणी राउटर बंद करून परत चालू करतं, कुणी केबलवाल्याला फोन लावतं. महिनाभर असं चाललं की शंभर एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा होतो. बिल वाढतं, तक्रार मात्र बऱ्याच घरांत जिथल्या तिथे राहते.

या सगळ्या धावपळीत मोजायचं तेवढं राहून जातं. आज साध्या मध्यमवर्गीय घरातही फोन, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर, स्मार्ट स्पीकर आणि वायफायवर चालणारे बल्ब अशी डझनभर उपकरणं एकाच जोडणीवर चालतात. त्यातलं कोणतं किती डेटा घेतं आणि किती पाठवतं, याचा हिशेब घरबसल्या मांडता येतो. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. थोडी चिकाटी आणि दोन-तीन कल्पनांची नीट ओळख पुरते. हिशेब मांडल्यावर एक गोष्ट लक्षात येते: महिन्याच्या बेरजेत सगळ्यात जास्त डेटा वापरणारं उपकरण आणि ऐन वेळी सगळ्यांचं नेट अडवणारं उपकरण ही अनेकदा दोन वेगळी असतात. हा फरक कळला की प्लॅन वाढवायचा की नाही, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

आधी मापं समजून घेऊ

प्लॅनवर लिहिलेले ‘१०० एमबीपीएस’ म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. फाइलचा आकार मात्र आपण मेगाबाइटमध्ये सांगतो, आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. म्हणून शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट वेगाने उतरते. ‘शंभरचा प्लॅन घेतला आणि बाराच मिळतात’ ही तक्रार पुष्कळदा या आठच्या भागाकारात विरघळून जाते.

दुसरा भेद वेगाचा आणि एकूण वापराचा. या क्षणी कोण किती वेगाने डेटा ओढतंय, हा एक प्रश्न. महिन्याभरात कोणी किती जीबी वापरले, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एमबीपीएसमध्ये येतं, दुसऱ्याचं जीबीमध्ये. तिसरा भेद दिशेचा. घरात येणारा डेटा म्हणजे डाउनलोड, घरातून जाणारा म्हणजे अपलोड. वापराचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे डाउनलोड असतो आणि अपलोड विसरला जातो. निम्मा घोटाळा तिथेच असतो.

काही ठोस आकडे घेऊ. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. फोर-केसाठी १५ एमबीपीएसचा स्थिर वेग असावा, अशी त्यांची शिफारस आहे. म्हणजे रोज चार तास फोर-के बघणारा टीव्ही दिवसाला २८ जीबी घेईल. आकडा मोठा वाटतो, पण वेगाच्या दृष्टीने हा टीव्ही शंभरच्या प्लॅनचा जेमतेम सातवा हिस्सा वापरतो. त्याच्या भुकेला कमाल मर्यादा आहे. ज्या दर्जाचं चित्र दाखवायचं, तेवढाच डेटा तो मागतो.

काही कामांना अशी मर्यादा नसते. गेमचं डाउनलोड, विंडोजचं अपडेट, फोनमधल्या फोटोंचा बॅकअप ही कामं जेवढी जागा मिळेल तेवढी सगळी घेतात. शंभर जीबीचा गेम शंभर एमबीपीएसवर उतरवला तर आठ हजार सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास, तो सगळी लाइन व्यापून बसू शकतो. प्लॅन दोनशेचा केला तर हाच वेळ निम्मा होईल, पण तेवढ्या वेळात लाइन पुन्हा पूर्ण भरलेलीच असेल. प्लॅन वाढवूनही रात्रीची तक्रार का टिकते, याचं एक मोठं कारण हे आहे.

आता कॅमेऱ्याकडे पाहू. क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा साधारण दोन एमबीपीएसने चित्र पाठवत असेल तर तो एका दिवसात २१.६ जीबी घराबाहेर धाडतो. असे चार कॅमेरे असतील तर दिवसाचे ८६.४ जीबी, महिन्याचे २,५९२ जीबी. आपल्याकडच्या अनेक फायबर योजनांना ‘अनलिमिटेड’ म्हटलं जातं, पण बारीक अक्षरांत महिन्याला ३,३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते आणि ती ओलांडली की वेग कमी केला जातो. तिची रोजची वाटणी ११० जीबी. चार कॅमेरे त्यातले ८६ जीबी खाऊन टाकतात, आणि घरात त्यांच्याबद्दल कुणाला अवाक्षर ऐकू येत नाही. घरातल्याच डीव्हीआरच्या हार्ड डिस्कवर साठवणाऱ्या कॅमेऱ्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांचं चित्र बाहेरून मोबाइलवर पाहिलं जातं तेवढ्यापुरतंच ते लाइनवर येतं.

राउटरला काय दिसतं

घरातलं प्रत्येक उपकरण बाहेरच्या जगाशी राउटरमधूनच बोलतं. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. प्रत्येक उपकरणाला वेगळा पत्ता द्यायला ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकातच दिसू लागलं होतं. म्हणून १९९४ साली एक तोडगा मांडला गेला: बाहेरून घराला एकच पत्ता, आत प्रत्येकाला खासगी पत्ता, आणि दोन्हींची सांगड घालायला मध्ये राउटर. १९२.१६८ ने सुरू होणारे जे आकडे आपल्याला वायफायच्या सेटिंगमध्ये दिसतात, ते याच खासगी पत्त्यांपैकी. खासगी वापरासाठीच ते रीतसर राखून ठेवलेले आहेत.

ही सांगड घालण्यासाठी राउटरला एक तक्ता सतत जवळ बाळगावा लागतो: आतल्या कोणत्या उपकरणाने बाहेरच्या कोणत्या पत्त्याशी संवाद सुरू केला आहे. सोसायटीच्या गेटवरच्या वहीत कोण कोणत्या फ्लॅटमध्ये आलं, कधी आलं, याची नोंद असते आणि पिशवीत काय आहे हे वॉचमन पाहत नाही, तसाच हा कारभार. या तक्त्यातल्या प्रत्येक नोंदीसमोर ‘किती बाइट गेले, किती आले’ एवढं लिहून ठेवलं आणि त्यांची उपकरणवार बेरीज केली, की आपल्याला हवा तो हिशेब तयार.

असा हिशेब ठेवण्याची परंपरा विद्यापीठांतून आणि मोठ्या कंपन्यांतून आली. १९९४ साली टोबियास ओटिकर हा स्विस तरुण इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात काम करत होता. बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, आणि तिचा वेग ६४ किलोबिट. ती किती भरली आहे हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. ओटिकरने राउटरमधले आकडे ठरावीक वेळाने वाचून वेबपानावर आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. एमआरटीजी या नावाने तो जगभर गेला, आणि निळ्या-हिरव्या रंगांतले त्याचे आलेख कित्येक वर्षं नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या पडद्यावर दिसत राहिले. तो एकूण वाहतूक दाखवायचा. कोण कोणाशी बोलतंय हे कळत नव्हतं. ते दाखवणारी नेटफ्लो ही पद्धत सिस्कोने १९९६ च्या सुमारास आणली. १९९८ साली इटलीत पिसा इथे लुका देरी यांनी एनटॉप लिहिलं आणि हेच काम साध्या संगणकावर फुकटात होऊ लागलं.

घरापर्यंत हे पोहोचलं ते एका निळ्या-काळ्या राउटरमुळे. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी आतून लिनक्सवर चालतो, हे हौशी मंडळींच्या लक्षात आलं. लिनक्सच्या परवान्यानुसार कंपनीला २००३ साली त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला, आणि २००४ साली त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरवर चालणाऱ्या खुल्या प्रणालीचा प्रकल्प उभा राहिला. तो आजही जोमात चालू आहे, आणि शेकडो प्रकारच्या स्वस्त-महाग राउटरवर बसवता येतो.

मोजायचं कसं

सुरुवात घरात आहे त्याच राउटरपासून करावी. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. आत गेल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी सापडते. काही राउटरवर प्रत्येकासमोर त्या क्षणाचा वेग आणि एकूण वापर दिसतो, काहींच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये तो मिळतो. कंपन्या जोडणीबरोबर जो डबा देतात, त्यात मात्र उपकरणवार आकडे पुष्कळदा नसतात.

यादीत नावं गमतीदार असतात. एखादं नीट वाचता येतं, एखाद्या ठिकाणी नुसतीच बारा अक्षर-अंकांची माळ दिसते. ती माळ म्हणजे मॅक पत्ता. त्याचा पहिला निम्मा भाग उपकरण बनवणाऱ्या कंपनीला नेमून दिलेला असतो, त्यामुळे माळेवरून कंपनी शोधता येते. फोनची गोष्ट निराळी. लोकांचा माग काढता येऊ नये म्हणून अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला खोटा, यदृच्छेने निवडलेला मॅक पत्ता सांगतात. बाहेरच्या वायफायवर हे चांगलंच आहे. घरच्या वायफायपुरतं ते बंद ठेवलं तर हिशेबात एकच फोन दोन नावांनी दिसत नाही. ओळख पटत नसेल तर उपाय सोपा: एकेक उपकरण बंद करायचं आणि यादीतून कोणतं नाव गळलं ते पाहायचं. ओळख पटली की त्याला ‘आईचा फोन’, ‘हॉलचा टीव्ही’ असं नाव देऊन टाकायचं. हा अर्धा-पाऊण तास पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

राउटर आकडे देत नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली, ओपनडब्ल्यूआरटी चालणारा स्वतःचा राउटर घेऊन तो कंपनीच्या डब्यामागे जोडायचा आणि डब्याचं वायफाय बंद करायचं. ते चालू राहिलं तर काही उपकरणं तिथूनच परस्पर बाहेर जातील आणि मोजणीतून निसटतील. ओपनडब्ल्यूआरटीवर एनएलबीडब्ल्यूमॉन नावाचं पॅकेज बसवलं की पडद्यावर दोन वर्तुळालेख येतात आणि खाली तक्ता: उपकरण, किती जोडण्या, किती डाउनलोड, किती अपलोड. शेजारच्या टॅबमध्ये कोणत्या प्रकारच्या वाहतुकीला किती वाटा, हेही दिसतं. उपकरण आयपीव्ही४ वर बोलो की आयपीव्ही६ वर, बेरजेत दोन्ही धरले जातात. भारतात आयपीव्ही६ चा वापर मोठा आहे, आणि फक्त जुन्या पत्त्यांवरची वाहतूक मोजणारं साधन निम्मं चित्रच दाखवेल, म्हणून हे महत्त्वाचं.

दुसरी वाट, प्रत्येक उपकरणालाच विचारायचं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘डेटा युसेज’ या मथळ्याखाली गेल्या तीस दिवसांत कोणत्या अ‍ॅपने किती डेटा वापरला ते दिसतं. अँड्रॉइडवर वायफायचा अ‍ॅपनिहाय हिशेब मिळतो. मॅकवर ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये नेटवर्कचा टॅब आहे. आयफोन मात्र मोबाइल डेटाचा हिशेब देतो, वायफायचा अ‍ॅपनिहाय हिशेब देत नाही. टीव्ही आणि कॅमेरे बहुधा काहीच सांगत नाहीत, म्हणून ही वाट कधीच पुरी पडत नाही.

दोन ठिकाणी फसगत होते. वेगवान राउटर एकदा सुरू झालेली वाहतूक मुख्य प्रोसेसरला वळसा घालून थेट हार्डवेअरमधून पुढे ढकलतात. ही सोय चालू असेल तर मोजणी प्रत्यक्षापेक्षा कमी भरू शकते. आकडे संशयास्पद कमी वाटले तर मोजणीच्या दिवसांपुरती ती बंद करून पाहावी. दुसरं, पाय-होलसारखी साधनं कोणत्या उपकरणाने कोणत्या संकेतस्थळाचा पत्ता किती वेळा विचारला ते मोजतात. बाइट मोजत नाहीत. एखादा बल्ब दिवसाला हजार वेळा पत्ता विचारेल आणि जेमतेम काही मेगाबाइट वापरेल. टीव्ही एकदाच विचारेल आणि दहा जीबी ओढेल.

बेरीज कुठे फसवते

समजा, आठवड्याचा तक्ता हाती आला. पहिल्या नंबरवर बहुतेक घरांत टीव्ही असतो. ‘सापडला!’ म्हणून थांबण्याचा मोह होतो. पण तक्रार रात्री साडेआठची आहे, त्यामुळे पाहायचं ते साडेआठला काय चाललं होतं, आणि कोणत्या दिशेने.

२०१० साली जिम गेटिस हे अमेरिकी संगणकतज्ज्ञ घरून जुन्या फायलींचा मोठा संग्रह एमआयटीच्या संगणकावर चढवत होते. तो चढत असताना घरातलं बाकीचं नेट जवळपास मेल्यासारखं होत होतं. त्यांनी मोजलं तेव्हा साध्या विचारणेलाही उत्तर यायला सरासरी एका सेकंदाहून जास्त वेळ लागत असल्याचं दिसलं. कारण सापडलं ते उपकरणांच्या स्मृतीत. स्मृती स्वस्त झाल्यामुळे मोडेम आणि राउटर बनवणाऱ्यांनी बाहेर जाणाऱ्या डेटासाठी भल्यामोठ्या रांगांची सोय करून ठेवली होती. मोठा अपलोड ती रांग काठोकाठ भरतो, आणि मागून आलेल्या प्रत्येक छोट्या पॅकेटला त्याच रांगेत तिष्ठावं लागतं. गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं.

यात डाउनलोड का मंदावतो, हे समजून घेण्यासारखं आहे. नेटवरून फाइल येते तेव्हा आपलं उपकरण डेटा मिळाल्याची पोच सतत परत पाठवत असतं. पोच वेळेवर मिळाली तरच समोरचा सर्व्हर पुढचा डेटा जोमाने सोडतो. ही पोच अपलोडच्या त्याच रांगेत अडकली की डाउनलोडची लाइन रिकामी असूनही डेटा येत नाही. म्हणजे कुणाच्या तरी फोनमधले लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत असतात आणि अडतो तो हॉलमधला सिनेमा. पाच जीबीचे फोटो-व्हिडिओ दहा एमबीपीएसच्या अपलोडवर चढायला चार हजार सेकंद, म्हणजे तासाहून जास्त वेळ घेतात. माणसं कामावरून घरी येतात, फोन चार्जिंगला लावतात, वायफाय मिळताच बॅकअप सुरू होतो, आणि हे सगळं नेमकं संध्याकाळी घडतं. महिन्याच्या बेरजेत पाच जीबी किरकोळ आहेत. साडेआठ वाजता मात्र तो एक फोन सगळ्या घराला भारी पडतो.

यावर औषध निघालं आहे. २०१२ साली कॅथलीन निकल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग फुगू न देणारी कोडेल ही पद्धत मांडली. तिच्यावरून पुढे एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती आल्या. त्या प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतात, त्यामुळे लहान पॅकेट मोठ्या अपलोडमागे अडकत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर ही सोय ‘एसक्यूएम’ नावाने मिळते. अपलोड आणि डाउनलोड या दोन्हींसाठी प्रत्यक्ष वेगाच्या साधारण नव्वद टक्के आकडे तिथे भरायचे. दहा टक्के वेग सोडून दिल्यासारखं वाटतं, पण त्या बदल्यात रांगेवर कंपनीच्या डब्याऐवजी आपला राउटर ताबा ठेवतो, आणि कॉल तुटायचे थांबतात.

दोष लाइनचा की हवेचा

कधी तक्ता सांगतो की कोणीच फारसं काही वापरत नाही, तरी नेट रखडतंय. तेव्हा शंका वायफायवर घ्यावी. वायफायमध्ये एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं असतं. दोन भिंतींपलीकडच्या खोलीतला जुना फोन हळू बोलतो आणि तोच निरोप द्यायला जास्त वेळ हवा अडवतो. २००३ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की त्या काळच्या ११ मेगाबिटच्या वायफायवर एखादं उपकरण १ मेगाबिटने बोलू लागलं की जवळची वेगवान उपकरणंही त्याच्याच पातळीला घसरतात. नव्या वायफायमध्ये यावर उपाय आहेत, पण मूळ अडचण हवेची आहे आणि ती पुरती जात नाही. बाइट मोजणाऱ्या तक्त्यात असं उपकरण तळाला दिसतं, कारण त्याने डेटा थोडाच वापरलेला असतो. वेळ मात्र सगळ्यांचा खाल्लेला असतो.

याची परीक्षा सोपी आहे. नेट अडखळत असतानाच लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासायचा. केबलवर पूर्ण वेग मिळाला तर दोष वायफायचा, आणि मोठा प्लॅन घेऊन तो सुटणार नाही. टीव्ही हलत नाही, तेव्हा त्याला केबल टाकणं हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय. घरातली सगळ्यात मोठी वाहतूक त्यामुळे हवेतून उतरते.

रात्री जागणारी उपकरणं

मोजणीचा आणखी एक उपयोग सुरक्षेचा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स, स्पॉटिफाय यांसारख्या सेवा काही तास बंद पडल्या. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या ज्या कंपनीच्या सेवेवर त्या अवलंबून होत्या, त्या डाइनवर मिराय नावाच्या प्रोग्रॅमने हल्ला चढवला होता. हल्ल्याचं बळ आलं होतं सामान्य माणसांच्या कॅमेऱ्यांतून, डीव्हीआरमधून आणि राउटरमधून. कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदलला नव्हता, आणि मिरायकडे अशा साठेक नेहमीच्या पासवर्डची यादी होती. त्या घरांतल्या लोकांना आपला कॅमेरा दुसऱ्याच्या लढाईत उतरलाय याची गंधवार्ता नसावी. दिसलं असतं ते एकाच ठिकाणी, राउटरच्या अपलोडच्या रकान्यात.

म्हणून तक्ता पाहताना मोठ्या आकड्याइतकंच विसंगत आकड्याकडे लक्ष द्यावं. घर झोपलेलं असताना कॅमेरा एरवीपेक्षा कैक पट पाठवत असेल, प्रिंटर परदेशी पत्त्यांशी शेकडो जोडण्या उघडत असेल किंवा यादीत कुणाचंच नसलेलं उपकरण दिसत असेल, तर त्याला आधी नेटवरून तोडावं, मग चौकशी करावी. पासवर्ड बदलावा, फर्मवेअर अद्ययावत करावं, आणि अशा वस्तूंसाठी ‘गेस्ट’ वायफाय वेगळं ठेवावं, म्हणजे त्यांना घरच्या लॅपटॉपपर्यंत हात पोहोचवता येत नाही.

मोजावं, पण डोकावू नये

उपकरणवार हिशेब हाती आला की घरात एक नाजूक प्रश्न उभा राहतो. आज बहुतेक संकेतस्थळं कूटबद्ध जोडणी वापरतात. त्यामुळे कुणी काय वाचलं, काय लिहिलं हे राउटरला दिसत नाही. कोणत्या सेवेशी, किती वाजता, किती वेळ संपर्क झाला एवढं मात्र दिसू शकतं, आणि तेही थोडंथोडकं नाही. तरुण मुलगी रात्री कितीपर्यंत जागी होती, भाडेकरू कोणतं अ‍ॅप वापरतो, सासूबाई दिवसभर काय बघतात याची टाचणं काढायला हे साधन नाही. मोजणी सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांना सांगावं, बाइट मोजावेत आणि संकेतस्थळांच्या नोंदी ठेवू नयेत. हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवला तर भांडणाऐवजी तडजोड होते: बॅकअप रात्री दोननंतर, गेमचं डाउनलोड सकाळी सगळे बाहेर पडल्यावर.

एवढं करायला आठवडा पुरतो. पहिल्या दिवशी उपकरणांना नावं द्या. पुढचे दिवस नेट अडखळलं की वेळ टिपून ठेवा आणि त्या वेळचे अपलोड-डाउनलोडचे आकडे पाहा. एकदा केबलवर वेग तपासा. क्लाउडचे कॅमेरे हालचाल दिसल्यावरच रेकॉर्ड करतील असे लावा, बॅकअप आणि अपडेटना रात्रीची वेळ द्या. यानंतरही केबलवर, बाकी काही चालू नसताना, वेग प्लॅनपेक्षा कमी येत असेल तर दोष बाहेरचा आहे. मग केबलवाल्याला तारीख, वेळ आणि आकडे घेऊन फोन करा. ‘नेट स्लो आहे’ या तक्रारीला ‘राउटर रिस्टार्ट करा’ हे उत्तर ठरलेलं असतं. आकड्यांना तसं उत्तर देता येत नाही. आणि या सगळ्यातून जाऊनही लाइन खरोखरच रोज संध्याकाळी भरत असेल, तर खुशाल मोठा प्लॅन घ्या. मोजल्याशिवाय मात्र घेऊ नका.